पॉइंटांची पुंजी कोठे ठेवावी?

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात देगलूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यात आजवर विद्यार्थ्यांस साहाय्य, विवाहातील खर्चास आळा, वसतिगृहाची डागडुजी अशा विषयांवर व्याख्याने झाली. यंदा कार्यवाहांनी आमचा विषय विचारला, तेव्हा आम्ही "विमान कंपन्यांच्या नित्यप्रवासी योजना" असे उत्तर दिले. ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतच राहिले. ज्या गावात अद्याप आगगाडीची शिट्टी ऐकू आली नाही, त्या गावात विमानाची चर्चा कशाला, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला होता.

त्यांचा प्रश्न रास्त आहे. परंतु आपण आपापली घरे डोळ्यांपुढे आणावीत. कोणाचा मुलगा पुण्यास, कोणाची कन्या हैदराबादेस, कोणाचे जावई दुबईस, तर कोणाचे नातवंड अमेरिकेत शाळेस जाते. अकोला, नांदेड, देगलूर, संगारेड्डी असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ आपल्या दारावरून जातो. त्याच्या एका अंगास ऐंशी किलोमीटरांवर नांदेडचे विमानतळ, तर दुसऱ्या अंगास दोनशे किलोमीटरांच्या पुढे हैदराबादचे शमशाबाद. १९५६ पर्यंत हैदराबाद ही आपली राजधानी होती. राज्य गेले, पुढे आपण महाराष्ट्रात आलो, परंतु परदेशी निघालेला देगलूरकर आजही बहुधा हैदराबादचीच वाट धरतो.

हा विषय आताच घेण्यास आणखी एक कारण घडले. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन झाली आणि तिची 'क्लब विस्तारा' ही योजना संपली. त्या योजनेत आपल्यापैकी काही घरांची खाती होती. तेव्हापासून "गुरुजी, आता कोणत्या योजनेत जावे?" असा प्रश्न आम्हांस वारंवार येतो. आम्ही जन्मभर मुलांस अंकगणित शिकविले. प्रश्न हिशेबाचा आहे, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. विमान उडाले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य होते. तेव्हा प्रवाशाने दर वेळी आपल्याच विमानात बसावे म्हणून कंपनी त्याच्या नावे पॉइंट अथवा माइल मांडते आणि ते पुरेसे साठले की एक तिकीट देते. अमेरिकेतील टेक्सास इंटरनॅशनल या कंपनीने १९७९ साली असा प्रयोग केला. पुढे अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी, म्हणजे योगायोगाने आपल्या महाराष्ट्रदिनीच, 'ॲडव्हांटेज' ही योजना काढली आणि मग सगळ्या जगाने तिचा कित्ता गिरविला. आरंभी किती माइल उडालात यावर पॉइंट मिळत. आता बहुतेक मोठ्या कंपन्या किती रुपये दिलेत यावर ते देतात. एअर इंडियानेही २०२४ साली हीच रीत पत्करली.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. कंपन्या हे पॉइंट बँकांस विकतात, बँका ते क्रेडिट कार्डावर वाटतात, आणि या व्यवहारात कंपनीस रोकड मिळते. २०२० साली महामारीत विमाने जमिनीवर उभी होती. तेव्हा अमेरिकेच्या युनायटेड कंपनीने आपली 'माइलेजप्लस' योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरांचे कर्ज उभे केले. ज्याला आपण बक्षीस समजतो, तो कंपनीचा गहाण ठेवण्याजोगा धंदा आहे. आपल्या ज्ञातीत रोजकीर्द आणि खतावणी ज्यांनी पिढ्यान् पिढ्या लिहिली, त्यांस अधिक सांगणे नलगे. समोरचा फुकट देऊ लागला की त्याच्या वहीत ती रक्कम कोठे मांडली आहे, हे पाहणे हा आपला धर्म आहे.

आता आपल्या देशातील तीन योजनांची गत ऐका. किंगफिशर कंपनीची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या 'किंग क्लब'चे पॉइंट कवडीमोल झाले. जेट एअरवेजचे अखेरचे उड्डाण १७ एप्रिल २०१९ रोजी झाले. तिची 'जेटप्रिव्हिलेज' योजना वेगळ्या कंपनीच्या हाती होती, म्हणून पॉइंट टिकले. त्याच वर्षी तिचे नाव 'इंटरमाइल्स' झाले, परंतु ज्या विमानांसाठी ते पॉइंट साठविले ती विमानेच उरली नाहीत. तिसरी विस्तारा. तिचे पॉइंट एकास एक या प्रमाणात एअर इंडियाच्या योजनेत जमा झाले आणि त्या योजनेस आता 'महाराजा क्लब' म्हणतात. एक घर बुडाले, दुसऱ्याची भांडी राहिली पण चूल विझली, तिसरी कन्या मोठ्या घरी नांदावयास गेली. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखीच होती. निर्णय घेताना खातेदारास कोणी विचारले नाही. पॉइंट ही बँकेतील ठेव नव्हे. ते देणाऱ्याच्या मर्जीवरचे दान आहे आणि नियम बदलण्याचा अधिकार दात्याने प्रथमपासून आपल्या हाती ठेवलेला असतो.

येथे घरचीच एक गोष्ट सांगतो. सांगावी की न सांगावी याचा आम्ही पुष्कळ विचार केला.

आमचे धाकटे बंधू २००९ साली आखातात नोकरीस गेले. ते वर्षातून एकदा एकाच कंपनीच्या विमानाने गावी येत. कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही, तिने नियमाबाहेर काही केले नाही. पहिल्याच खेपेस त्यांनी खाते उघडले आणि जाहीर केले की पॉइंट साठले की आईला तिकडे न्यावयाचे. आईने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तिने पासपोर्ट काढला. तिकडच्या नातवासाठी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली. दर वर्षी बंधू येत, आई विचारी, "झाले का रे तुझे पॉइंट?" आणि ते म्हणत, "पुढच्या वर्षी नक्की."

दर वर्षी त्यांस सुमारे पाच हजार पॉइंट मिळत. तिकिटास वीस हजार लागत. चार वर्षांत काम व्हावे, हा हिशेब कोणीही करील. परंतु त्या योजनेत पॉइंटाचे आयुष्य तीन वर्षांचे होते. चौथ्या वर्षीचे पाच हजार येत, तोवर पहिल्या वर्षीचे पाच हजार गळून जात. सहा वर्षांत तीस हजार पॉइंट मिळाले आणि हाती एकाही दिवशी पंधरा हजारांहून अधिक नव्हते. एका हौदास दोन तोट्या आहेत, एक भरते, दुसरी रिकामा करते, तर हौद किती वेळात भरेल, हे गणित आम्ही तीस वर्षे फळ्यावर घातले. आमच्याच घरात तो हौद उभा होता आणि आम्हांस तो दिसला नाही.

दुःख पॉइंटांचे नाही. दुःख याचे की तिकिटास पैसे नव्हते असे नाही. बंधूंची नोकरी बरी होती, आमचे निवृत्तिवेतन चालू होते. दोघांनी मिळून कोणत्याही वर्षी ते तिकीट विकत घेतले असते. परंतु जे फुकट मिळणार आहे त्यास पैसे का द्यावे, या एका विचाराने वर्षे गेली. २०१६ च्या श्रावणात आई गेली. बंधू आले ते पुरे भाडे भरून. आईचे पासपोर्टाचे पुस्तक आमच्या कपाटात आहे. त्यात एकही शिक्का नाही.

असो. या अनुभवातून योजना निवडण्याच्या चार कसोट्या आमच्या मनात ठरल्या. त्या आपणांपुढे ठेवतो.

पहिली कसोटी वाटेची. आपणांस जेथे जावयाचे तेथे, आपल्या सोयीच्या विमानतळावरून, कोणती कंपनी जाते? नांदेडचा अनुभव आपणांस आहेच. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते 'उडान' योजनेची पहिली विमाने सुटली, त्यांत नांदेड-हैदराबाद हे एक होते. केवढा आनंद झाला होता! पुढे ती सेवा थांबली. नंतर स्टार एअरची विमाने तेथून उडू लागली. नांदेडहून विमान मिळेल तेव्हा अवश्य जावे, परंतु लहान विमानतळावरच्या सेवेवर विसंबून पॉइंटांची पुंजी बांधू नये. पुंजीचा विचार हैदराबाद अथवा मुंबई धरून करावा.

दुसरी कसोटी आयुष्याची. पॉइंट किती वर्षे जगतो? एमिरेट्सच्या 'स्कायवर्ड्स'चे आणि सिंगापूर एअरलाइन्सच्या 'क्रिसफ्लायर'चे माइल सुमारे तीन वर्षांनी संपतात. अमेरिकेच्या डेल्टाने २०११ पासून आणि युनायटेडने २०१९ पासून मुदतच काढून टाकली आहे. म्हणून जे घर दोन-तीन वर्षांतून एकदा लांबचा प्रवास करते, त्याने बिनमुदतीची योजना धरावी. तीन वर्षांची योजना वरचेवर जाणाऱ्यासच परवडते. मात्र बिनमुदतीच्या हौदालाही ऊन लागते. तोटी बंद असली तरी पाण्याची वाफ होतेच. आज ज्या तिकिटास वीस हजार माइल लागतात, त्यास उद्या पंचवीस हजार लागतील असे कंपनी ठरवू शकते आणि वेळोवेळी ठरवितेही.

तिसरी कसोटी सोयरिकीची. एकटी कंपनी आणि गोतावळ्यातील कंपनी यांत अंतर आहे. १९९७ साली 'स्टार अलायन्स' नावाचा कंपन्यांचा संघ झाला, मागोमाग 'वनवर्ल्ड' आणि 'स्कायटीम' झाले. एका संघातील कोणत्याही विमानात बसलात तरी त्या प्रवासाचे माइल संघातील एकाच खात्यात मांडता येतात. मात्र तिकिटाचा वर्ग त्यास पात्र हवा. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. लुफ्तान्सा, सिंगापूर आणि युनायटेड त्याच गोतातल्या. कतार एअरवेज व ब्रिटिश एअरवेज वनवर्ल्डमधल्या, आणि दोघींचे चलनही आता 'एव्हिऑस' हे एकच आहे. एमिरेट्स कोणत्याही संघात नाही आणि आपली इंडिगोही नाही. अमेरिकेस जाणारे पुष्कळ ज्ञातिबंधू एकदा लुफ्तान्साने जातात, एकदा एअर इंडियाने येतात आणि दोन खात्यांत अर्धे अर्धे माइल ठेवून दोन्ही वाया घालवितात. चार गाडग्यांत पावशेर पावशेर दूध विरजण्यापेक्षा एका गाडग्यात शेरभर विरजावे.

चौथी कसोटी कुटुंबाची. घरातील सर्वांचे पॉइंट एकत्र करता येतात काय? एमिरेट्समध्ये 'माय फॅमिली' म्हणून, ब्रिटिश एअरवेजमध्ये घरखाते म्हणून अशी सोय आहे. पाच माणसांच्या पाच खात्यांत पडून राहिलेले पॉइंट एका खात्यात आले, तर म्हाताऱ्या आईवडिलांचे एक तिकीट निघू शकते.

या चार कसोट्या लावून आमचे मत असे आहे. देशातल्या देशात जाणाऱ्या घरांनी इंडिगोच्या 'ब्लूचिप' आणि एअर इंडियाच्या 'महाराजा क्लब' या दोहोंत विनामूल्य नाव नोंदवावे. ब्लूचिप ही योजना २०२४ साली निघाली. इंडिगो देशात सर्वांत अधिक प्रवासी नेते, म्हणून तिचे पॉइंट साठणे सोपे. परंतु मुलेबाळे परदेशी असतील त्यांचे मन महाराजा क्लबकडे झुकावे, कारण देशांतर्गत प्रवासाचे पॉइंट संघामुळे परदेशी विमानासही उपयोगी पडू शकतात. विस्ताराचे पॉइंट ज्यांच्या खात्यात आले आहेत, त्यांनी तूर्त तेथेच राहून आधी ते वापरावेत. आखातात जाणाऱ्यांनी मुलगा ज्या शहरी राहतो त्या शहराची कंपनी धरावी: दुबईस एमिरेट्स, दोह्यास कतार. मात्र तीन वर्षांचे गणित आधी मांडावे. आणि अमेरिकेस क्वचित जाणाऱ्यांनी स्टार अलायन्समधील बिनमुदतीचे खाते उघडून सर्व माइल तेथेच मांडावेत.

आता एक हिशेब फळ्यावर घालतो. समजा, एका योजनेत शंभर रुपयांस सहा पॉइंट मिळतात आणि पाच हजारांचे तिकीट काढले. तीनशे पॉइंट आले. समजा, बारा हजार पॉइंटांस चार हजार आठशे रुपयांचे तिकीट मिळते. म्हणजे एका पॉइंटास चाळीस पैसे पडले आणि आपल्या तीनशे पॉइंटांची किंमत एकशे वीस रुपये झाली. दुसऱ्या कंपनीचे तिकीट चारशे रुपयांनी स्वस्त असताना पॉइंटांसाठी महाग तिकीट घेणारा मनुष्य एकशे वीस मिळविण्यासाठी चारशे देतो. शिवाय त्या फुकट तिकिटास अशा चाळीस फेऱ्या लागतात, आणि मिळाले तरी कर व अधिभार रोख भरावे लागतात. म्हणून वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्याने योजनेचा विचार मागे ठेवून स्वस्त आणि सोयीचे तिकीट घ्यावे.

क्रेडिट कार्डाविषयी तर हात जोडून सांगतो. पॉइंटांच्या आशेने कार्ड घेऊन बाकी थकविली, तर पुष्कळ कार्डांवर महिन्यास तीन टक्क्यांहून अधिक व्याज लागते. तीन बारे छत्तीस. सावकाराच्या ज्या व्याजास आपले आजोबा नावे ठेवीत, त्याहून हे वरचढ आहे. जो महिन्याच्या महिन्यास पूर्ण रक्कम चुकवील, त्यानेच या वाटेस जावे.

योजना बदलणाऱ्यांस तीन सूचना. एका योजनेचे पॉइंट दुसऱ्या योजनेत सहसा उचलून नेता येत नाहीत, तेव्हा घर बदलण्यापूर्वी जुन्या घरातील दाणे संपवावेत, एखादी जवळची फेरी का होईना, करून यावी. दुसरी, जुन्या कंपनीत वरची श्रेणी असेल, तर नव्या कंपनीस तसे कळवून समान श्रेणी मागावी. काही कंपन्या ती मुदतीपुरती देतात, आणि वृद्धांस सामानाची व रांगेची जी सवलत मिळते ती श्रेणीमुळेच मिळते. तिसरी सूचना कडू आहे. कित्येक योजनांत खातेदार वारला की पॉइंटही संपतात. म्हणून घरातील एका वहीत खातेक्रमांक, शिल्लक आणि मुदतीची तारीख लिहून ठेवावी. दिवाळीस वहीपूजन करतो, त्याच दिवशी हे पानही उघडून पाहावे.

संस्थेने काय करावे? काही तरुण मंडळींनी सर्वांचे पॉइंट संस्थेच्या नावे एकत्र करून गरजूंस द्यावेत असे सुचविले. हेतू थोर आहे, परंतु पॉइंटांची विक्री अथवा असा साठा योजनांच्या नियमांत बसत नाही आणि खाती बंद पडतील. त्यापेक्षा तरुणांनी एवढेच करावे: प्रथमच विमानाने जाणाऱ्या वृद्धांचे अर्ज भरून द्यावेत, चाकांच्या खुर्चीची मागणी तिकिटाबरोबरच नोंदवावी, आणि शमशाबादेस सोडावयास एकाने बरोबर जावे. तीन भाषा बोलणाऱ्या आपल्या सीमेवरच्या गावच्या मुलांस तेथे वाट विचारणे कठीण जाणार नाही.

शेवटी एवढेच. पॉइंट साठविणे वाईट नाही. आमच्या ज्ञातीस साठविण्याचे वावडे कधीच नव्हते. परंतु धान्य साठवितात ते खाण्यासाठी आणि पॉइंट साठवितात ते जाण्यासाठी. कोणती योजना धरावी याचे उत्तर वर्षावर्षास बदलेल, कंपन्या येतील, विलीन होतील, बुडतील. ज्यांस भेटावयाचे त्यांचे वय मात्र कोणत्याही योजनेत थांबत नाही. आपल्या घरी कोणी वडीलधारे माणूस "झाले का रे तुझे पॉइंट?" असे विचारीत असेल, तर आज घरी गेल्यावर खाते उघडून पाहावे. पुरेसे असतील तर त्यांवर, नसतील तर पैशाने, परंतु याच वर्षी तिकीट काढावे.

 इत्यलम्.